कराराची बाग : ई-जर्नल, ई-पुस्तकं आणि कॉपीराइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. काउंटरवर, स्टाफरूममध्ये आणि हल्ली रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, उत्तरं माझी. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर वकील गाठा. ती वेळ येऊ नये यासाठी हे पान.

मॅडम, कॉलेजने पैसे भरलेत ना? मग जर्नल आपलंच झालं की!

नाही झालं. सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे हापूसची बाग कराराने घेतात. घेणारा पैसे मोजतो, फवारणी करतो, राखण करतो, आंबा उतरवतो. पण कलमं मालकाची. करार संपला की आंबे उतरवायची काठी-घळ घेऊन बाहेर. मधल्या काळात एखादं कलम तोडून सरपण करायचा किंवा बाग परस्पर तिसऱ्याला द्यायचा हक्क त्याला नसतो. ई-जर्नलची वर्गणी म्हणजे ही कराराची बाग.

छापील पुस्तकाचं तसं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क मालकाचा असतो, पण आधीच चलनात आलेल्या प्रतींना तो लागू नाही. म्हणून विकत घेतलेलं पुस्तक आपण शंभर जणांना फिरवू शकतो, रद्दीत घालू शकतो, दुसऱ्या ग्रंथालयाला भेटही देऊ शकतो. ई-पुस्तकात प्रत विकलीच जात नाही, मिळते ती वापराची परवानगी. तिच्या अटी करारात असतात आणि तो करार बहुतेक ठिकाणी फाईलला लावून विसरला जातो. फाईल नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी, समिती आली की उघडते.

मग मोठं काय? कायदा की करार?

कायदा काही सवलती देतो. कलम ५२(१)(क) प्रमाणे खासगी वापर, संशोधन, टीका किंवा समीक्षा यांसाठी रास्त प्रमाणात वापर केला तर तो भंग ठरत नाही. त्या कामासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणंही चालतं, असं स्पष्टीकरण २०१२ च्या दुरुस्तीने जोडलं आहे. पण करारातल्या अटीने या सवलती काढून घेता येणार नाहीत, असं आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये काही सवलतींपुरतं तसं लिहून टाकलं. आपल्याकडे वाद झालाच तर प्रकाशक करार पुढे करणार. शिवाय नळाची चावी त्याच्याच हातात. तो आधी पाणी बंद करतो, वाद नंतर.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी करार वाचायचा. करार गप्प असेल तिथे कायदा बघायचा.

माझा भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याला माझा पासवर्ड दिला तर?

नको. करारात ‘अधिकृत वापरकर्ते’ कोण ते लिहिलेलं असतं. सध्या शिकणारे विद्यार्थी, शिकवणारे शिक्षक, कर्मचारी. भाऊ त्यात बसत नाही, माजी विद्यार्थी बहुधा बसत नाहीत, निवृत्त झालेले सरही पुष्कळदा बसत नाहीत. (हे एका निवृत्त सरांना समजावताना माझी दमछाक झाली होती. त्यांनीच मला बी.ए.ला शिकवलं होतं.) काही करारांत एक खिडकी उघडी असते : ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन इथल्या संगणकावर वाचणारा बाहेरचा वाचक चालतो. असं कलम असेल तर आम्ही ते वापरतो. सरांना खुर्ची दिली, चहा दिला, लेख वाचायला दिला.

गणपतीला गावी जातोय. तिकडे रेंज सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या माळावर, चढल्याशिवाय मिळत नाही. आधीच सगळं उतरवून घेऊ का?

लागतील तेवढे लेख उतरवून घ्या, काही हरकत नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी एकेक लेख उतरवायला बहुतेक करारांत मुभा असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर काही गावांत कित्येक दिवस वीजच नव्हती. त्यामुळे ‘ऑनलाइनच वाचा’ हा सल्ला कोकणात द्यायला मी धजावत नाही.

पण ‘सगळं’ या शब्दाला माझी हरकत आहे. पुढचा प्रश्न वाचा.

सगळं म्हणजे किती? आकडा सांगा ना.

आकडा करारात सहसा नसतो. असतो तो ‘पद्धतशीर डाउनलोड’ असा शब्दप्रयोग. एका अंकातले सगळेच्या सगळे लेख, एका ई-पुस्तकाची सगळी प्रकरणं ओळीने, किंवा ब्राउझरला एखादं एक्स्टेन्शन जोडून यंत्राकडून उपसा.

आमच्याकडे घडलंय. एम.एस्सी.च्या एका मुलाने हॉस्टेलच्या वायफायवरून रात्रभरात एका जर्नलचे काही वर्षांचे अंक उपसले. हेतू वाईट नव्हता. प्रकल्प होता, परीक्षा तोंडावर होती आणि वीज जाईल ही भीती खरीच होती. सकाळी प्रकाशकाने आमचा आयपी ॲड्रेस, म्हणजे ज्यावरून तो कॉलेजचं नेटवर्क ओळखतो तो क्रमांक, बंद केला. एका मुलाचा नव्हे, अख्ख्या कॉलेजचा. चौकशी, खुलासा, प्राचार्यांच्या सहीचं पत्र, पुन्हा असं होणार नाही अशी हमी. चार दिवस कोणालाही काही उघडेना. मुलाला मी फार बोलले नाही, कारण वर्षाच्या सुरुवातीच्या ओळखवर्गात हे सांगायचं काम माझं होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं. आता पहिल्याच तासाला सांगते.

पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकली तर काय होतं? सगळे आपल्याच वर्गातले आहेत.

लेखाची लिंक टाका. लिंकवर ज्याचं लॉगिन आहे तो वाचेल, वापराची नोंदही होईल. ती नोंद मला हवी असते, कारण वर्गणी चालू ठेवायची की नाही हे समितीपुढे तिच्यावर ठरतं. फाईल फिरवली की ती वर्गाच्या ग्रुपमधून मामेभावाच्या ग्रुपमध्ये कधी गेली ते कळतही नाही. कित्येक प्रकाशक उतरवलेल्या पीडीएफच्या तळाशी संस्थेचं नाव आणि तारीख छापतात, हेही लक्षात असू द्या.

पण झेरॉक्सचा निकाल लागला ना? दिल्ली विद्यापीठाचा? मग आता सगळं चालतं.

निकाल लागला, पण ‘सगळं’ चालत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. पुस्तकांतले निवडक भाग एकत्र बांधून विद्यार्थ्यांना विकले जात होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने कलम ५२(१)(झ) चा, म्हणजे ‘अध्यापनाच्या ओघात’ केलेल्या प्रतींचा अर्थ व्यापक लावला : शिकवण्याच्या हेतूसाठी जेवढं खरोखर लागतं तेवढं घेता येतं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला.

शिक्षकांसाठी ही फार मोठी सवलत आहे. अनेकांना ती माहीतच नसते आणि ते उगाच घाबरतात. मात्र ती पुस्तकं छापील होती. वर्गणीच्या ई-पुस्तकात तुमच्या आणि त्या पानाच्या मध्ये करार उभा आहे. पुष्कळ करारांत ‘कोर्स पॅक’ (असे एकत्र बांधलेले भाग) किंवा ‘ई-रिझर्व्ह’ (वर्गासाठी ऑनलाइन राखून ठेवलेलं वाचन) असं वेगळं कलम असतं. शिक्षकांनी सत्र सुरू होण्याआधी यादी आणून दिली तर मी ते कलम शोधून ठेवते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात आणली तर नाही.

साय-हबवरून घेतलं तर? सगळेच घेतात.

घेतात, हे मलाही दिसतं. साय-हब म्हणजे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणारं संकेतस्थळ. ग्रंथालयाच्या संगणकावर मी ते उघडू देत नाही. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करायचा आदेश दिला. लेख हवा असेल तर आधी मला विचारा. लेखकाला दोन ओळींचा ईमेल पाठवला की बरेच लेखक आपणहून प्रत धाडतात. ही युक्ती जुनी आहे, फुकट आहे आणि कोणी वापरत नाही.

किंडलवर घेतलेलं माझं पुस्तक ग्रंथालयाला भेट देऊ का?

देता येत नाही. तेही विकत मिळत नाही, वैयक्तिक वापराची परवानगी मिळते. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. पुस्तक घरात ठेवून माणूस झोपला, सकाळी पुस्तक नाही. कुलूप तोडून फाईल काढायचा विचार असेल तर कलम ६५क वाचा : हक्कभंगाच्या इराद्याने तांत्रिक संरक्षण फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

चिपळूणसारखा पूर आला तर? आपली जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवता येतील का?

येतील, पण पुराच्या आधी.

कलम ५२(१)(ढ) म्हणतं की अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ते इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येतं. ‘आधीपासून असेल’ हे शब्द महत्त्वाचे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढलं तेव्हा १८६४ पासून चाललेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही ते शिरलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या आम्हा सगळ्या ग्रंथपालांचं आपापल्या तळमजल्याकडे बघणं बदललं. पुस्तकाचा लगदा झाल्यावर कायदा शब्दशः वाचला तर स्कॅन करायला तुमच्याकडे ‘प्रत’ उरलेलीच नसते. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयासाठी तीनपर्यंत प्रती करायची मुभा पुढच्याच पोटकलमात आहे. पण त्यासाठीही कोणाकडे तरी धड प्रत हवी.

महाविद्यालयाचं ग्रंथालय ‘सार्वजनिक’ धरायचं का, यावर वाद होऊ शकतो. कायद्याच्या व्याख्यांमध्ये हा शब्द नाही. आम्ही धरतो : नफा घेत नाही, बाहेरच्या अभ्यासकाला बसू देतो. पण स्कॅन केलेलं संकेतस्थळावर टाकत नाही. जतन आणि प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हार्डडिस्क वरच्या मजल्यावर ठेवतो. हसू नका, एका ठिकाणी ती पुस्तकांच्या शेजारीच, खालच्या कपाटात होती.

ई-पुस्तकांना पुराची भीती नाही, हे तर बरं?

पाण्याची नाही. पण आमची काही डझन ई-पुस्तकं एका ३१ मार्चला गेली. वर्गणीच्या नूतनीकरणाचा कागद टेबलाटेबलांवर फिरत राहिला, मुदत संपली, आणि ज्या पुस्तकांची नोंद आम्ही कॅटलॉगमध्ये हौसेने केली होती ती एकाएकी उघडेनाशी झाली. चिखल नाही, वास नाही, पंचनामा नाही.

म्हणून करार करताना मी एक कलम आधी शोधते : वर्गणी थांबल्यावर काय उरतं? ‘कायमस्वरूपी प्रवेश’ लिहिला असेल तर पैसे भरलेल्या वर्षांचे अंक पुढेही दिसतात. त्यातही ते कुठून दिसणार हे विचारायचं. प्रकाशकच बंद पडला तर पोर्टिको किंवा क्लॉक्ससारख्या जतनव्यवस्थेत ते ठेवलेले आहेत का? विक्री प्रतिनिधीला हे विचारलं की तो ‘ऑफिसला विचारून सांगतो’ म्हणतो. लेखी मागा.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलंय ना? मग आपल्याला तेरा हजार जर्नल मिळणार?

देशभरातल्या संस्थांसाठी सरकारनेच जर्नलची एकत्र वर्गणी भरायची, अशी ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल, ६,३०० हून अधिक संस्था. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राकडे. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. कोकणातली बरीच महाविद्यालयं शिक्षणसंस्थांनी चालवलेली, अनुदानित, म्हणजे पगार सरकारचा आणि व्यवस्थापन संस्थेचं. ‘आपण सरकारी की खासगी’ हा आमचा जुनाच प्रश्न इथेही आडवा येतो. अशा महाविद्यालयांचा आधार म्हणजे इन्फ्लिबनेटचीच, महाविद्यालयांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं देणारी एन-लिस्ट योजना. वार्षिक शुल्क अनेक वर्षं ५,००० रुपये अधिक जीएसटी इतकं राहिलं आहे. तिचं लॉगिन प्रत्येकाच्या नावाने मिळतं, त्यामुळे सड्यावरूनही चालतं. अजून घेतलं नसेल तर ओळखपत्र घेऊन या, पाच मिनिटांचं काम.

जुनं पुस्तक म्हणजे कॉपीराइट संपलेलं, असं धरायचं का?

जुनं म्हणजे किती जुनं, ते मोजायचं. लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी, आपल्या पालगडचे, ११ जून १९५० ला गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन मुक्त झालं. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्येच गेले, तिथे प्रश्नच नाही. वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३७ पर्यंत थांबायचं. मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचे हक्क संपायला आले तेव्हा, १९९२ मध्ये, ती दहा वर्षांनी वाढवली.

सरकारी प्रकाशनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटियर तर मुक्त आहेच, १९६२ ची सुधारित आवृत्तीही २०२२ च्या अखेरीस मोकळी झाली. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पाला एवढं सोनं पुरे.

फसवणारी जागा एकच. मूळ मजकूर मुक्त असला तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि चित्रं ज्याची त्याची असतात. स्कॅन जुन्या आवृत्तीचं करा.

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे फुकट ना?

वाचायला फुकट. हा लेखकाने सगळ्यांना आधीच देऊन ठेवलेला परवाना. पुढे काय करता येईल ते परवान्याच्या नावातल्या अक्षरांवर अवलंबून. फक्त ‘बीवाय’ असेल तर नाव देऊन काहीही करा. ‘एनसी’ असेल तर धंदा नाही. ‘एनडी’ असेल तर मराठी अनुवाद करून प्रसिद्ध करता येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट आपले प्राध्यापक विसरतात. ‘एसए’ असेल तर तुमचं कामही त्याच परवान्याखाली द्यायचं.

मराठी विभागाला दशावतार आणि नमन-खेळ्यांची रेकॉर्डिंगं ग्रंथालयाच्या डिजिटल भांडारात ठेवायची आहेत. लोककला तर सगळ्यांची असते.

कला सगळ्यांची, प्रयोग मात्र त्या रात्रीच्या त्या माणसांचा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद उभ्या-उभ्या होतात. म्हणून तिथे कलावंतच सगळं काही आहे. कायदा त्याला ‘प्रयोगकर्ता’ म्हणतो आणि प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं हक्क देतो. कलम ३९ प्रमाणे निव्वळ अध्यापन किंवा संशोधनासाठी रेकॉर्डिंग करणं हा भंग नाही. म्हणजे करा, वर्गात दाखवा, अभ्यासा. पण तेच यूट्यूबवर चढवलं की ‘निव्वळ संशोधन’ राहत नाही. शिवाय आपलं नाव लागावं हा कलावंताचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीपासून स्पष्टपणे कायद्यात आहे.

आमची पद्धत अशी. जत्रेच्या आधी दशावतारी कंपनीच्या मालकांना भेटतो. मराठीत एक पानाचं संमतिपत्र असतं : कुठे ठेवणार, कोण बघणार, विकणार नाही. ते मालकांकडून आणि काम करणाऱ्या प्रत्येकाकडूनही घेतो, कारण मालकाची सही म्हणजे शंकासुराचं पात्र करणाऱ्याची सही नव्हे. नोंदीत ‘लोककलावंत’ असं मोघम न लिहिता राजा कोण, स्त्रीपार्टी कोण, पखवाजाला कोण ते नावानिशी लिहितो. एकदा एका वयस्क कलावंताने कागद दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, ‘म्हणजे माका इचारल्याशिवाय खंय दाखवूचा नाय, असाच ना?’ बरोबर तसंच.

माझा पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर गेला. आता तो कोणाचा?

तुमचाच. शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. ती तो जगाला दाखवते, मालकी घेत नाही. त्यावर पुस्तक काढायचं असेल तर प्रकाशकाला आधीच सांगा, काहींना ते चालत नाही. कृषी विद्यापीठांचे, म्हणजे दापोलीचेही, प्रबंध कृषिकोश या त्यांच्या भांडारात शोधा.

माझाच लेख आहे, तर माझ्या कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकायला कोणाला विचारू?

ज्याला हक्क लिहून दिलेत त्याला. लेख स्वीकारल्याच्या आनंदात सही केलेला तो फॉर्म शोधा. बरेच प्रकाशक छापील रूपातली पीडीएफ टाकू देत नाहीत, पण स्वीकृत हस्तलिखित काही महिन्यांनी टाकू देतात. मराठी नियतकालिकांत सहसा लेखी काहीच नसतं. हस्तांतर लेखी नसेल तर ते झालेलंच नाही. लेखी असूनही मुदत नमूद नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतं.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी अख्खं पुस्तक स्कॅन केलं तर चालेल?

हो. कलम ५२(१)(यख). नफा घ्यायचा नाही, आणि प्रत त्याच्याच वापरात राहील एवढी काळजी घ्यायची. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा प्रतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश होता, २०१४ मध्ये. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात तयार प्रत आहे का तेही आधी बघा. इथे कोणी घाबरत बसू नये.

वर्गणीतला लेख चॅटबॉटमध्ये टाकून सारांश काढला तर?

नव्या करारांत याबद्दल कलमं येऊ लागली आहेत आणि बरीचशी मनाई करणारी आहेत. ज्या संसाधनाच्या करारात मनाई आहे त्याच्या नावापुढे आम्ही कॅटलॉगमध्ये तांबडी खूण केली आहे. मुक्त परवान्याचे लेख बिनधास्त टाका. सारांश मात्र लेखाशी ताडून बघा.

लिंक उघडत नाही. ‘ॲक्सेस डिनाइड’ येतंय. काय करू?

पडद्याचा फोटो काढा, त्यात वरचा पत्ता आणि वेळ दिसू द्या. मोबाइल डेटावर आहात की कॉलेजच्या वायफायवर ते लिहा आणि मला पाठवा. रात्री साडेदहानंतर पाठवलंत तर उत्तर सकाळी.